सगळ्यांचीच पहिली फुलदाणी

नांदेडात संघपालचं काचेचं दुकान आहे. आरसे, फोटोफ्रेमा हे पोटापाण्याचं काम. जीव मात्र फुलदाणीत. फिरोजाबादला राहून तो फिरत्या चाकावर काच कोरायला शिकला आणि जाड काचेवर त्यानं सागाच्या पानाची जाळी उतरवली. पान किनवटचं. तिथल्या वसतिगृहात असताना चित्रकलेच्या सौदामिनीबाईंनी ते हातात देऊन सांगितलं होतं, "आधी शिरा बघ, मग काढ."

दहाच फुलदाण्या करायच्या, बुडाशी नंबर कोरायचा आणि नक्षी कायमची बंद. कल्पना झकास होती. आपल्याकडची माणसं तेवढी त्यानं हिशेबात धरली नव्हती.

उदगीरचे महादेवप्पा व्याह्यांच्या आहेरासाठी आले. बुडाशी कोरलेला तीन बघून भडकलेच. "व्याह्याला तिसऱ्या पंगतीला बसवू व्हय?"

संघपाल भिडस्त. दुसरी घेतली, एक कोरला. पुढं येईल त्याला एक नंबरच. बाईंच्या निरोप समारंभातही फुलदाणी देत त्यानं भर सभेत सांगितलं, "पहिली तुमचीच, बाई." बाईंनी पदरानं डोळे टिपले.

मग लातुरात प्रदर्शन भरलं. आयोजकांनी परस्पर सगळ्या मालकांना फुलदाण्या घेऊन बोलावलं. आणि प्रत्येकानं आपला नंबर लोकांना दिसावा म्हणून फुलदाणी टेबलावर पालथी ठेवली! संघपाल पोचला तेव्हा टेबलभर बुडंच बुडं, आणि प्रत्येकावर एक.

"काय हो, सगळेच पहिल्या पंगतीला?" महादेवप्पा म्हणाले. सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.

"माझी कितवी रे?"

"आठवी, बाई."

"आठवीही तेवढ्याच कौतुकानं घेतली असती मी. घेऊन जा, खरा नंबर घालून आण."

बाकीच्यांनी आपापली फुलदाणी पोटाशी धरली. "आमचा असू द्या!"

खरी पहिली घरी ओट्यावर होती. चाक घसरून तिच्यावरची एक शीर तिरकी गेलेली. तिच्यात त्याची आई सरजाबाई पळ्या-झारे ठेवते.

"आई, दे. हिच्यावर नंबर घालतो."

"कशापायी? माझ्याकडं एकच हाय."

संघपाल दुकानात परतला.

बाईंच्या फुलदाणीवरचा एक त्यानं घासून काढला. आकडा गेला, पण काच तिथं धुरकट झाली. पॉलिश मारलं असतं तर तेही गेलं असतं. पॉलिशचं चाक हातात घेतलं, आणि खाली ठेवलं. शेजारी आठ कोरला.

आपल्या घरी बाईंनी फुलदाणी उलटी करून त्या धुरकट डागावर बोट फिरवलं. "खोडलेलं दिसतंय."

"हो, बाई."

"दिसू दे."

त्यांनी ती सुलटी ठेवली, पाणी घातलं, अंगणातली शेवंती खोचली. बूड आता कुणालाच दिसत नव्हतं. चहा निवून गेला तरी संघपाल तिकडंच बघत होता.