ऑर्केस्ट्राच्या आधी

ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, अमेरिकेत नोव्हायला राहत असताना, मी पाश्चात्त्य संगीताचा जाणकार झालो. त्यासाठी लायब्ररीतल्या दोन कॅसेटी पुरल्या. लेक हायस्कूलच्या ऑर्केस्ट्राबरोबर पियानो काँचेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, वाजवणार होती. क्लासिकल युग मावळताना आणि रोमँटिक युग उजाडताना रचलेला तो काँचेर्टो आहे, एवढे तिच्या शिक्षिकेने सांगितले होते. उरलेले सारे मी तिथल्या मराठी मंडळातल्या मित्रांना सांगत असे.

लेक मात्र सुरुवातीचे चार सूर महिनोन्महिने घोटत होती. "किती वेळा तेच? पुढचं वाजव ना," मी पेपराआडून म्हणायचो.

"बाबा, तेवढं नीट ऐका हं त्या दिवशी. तिथे इट्स जस्ट मी."

तिला धास्ती वाटत असावी, असे मी समजलो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहाबाहेर कॉफी होती. घंटा झाली तशी माझ्याबरोबर आलेली मंडळातली मित्रमंडळी उठू लागली. मी त्यांना थोपवले. "सावकाश होऊ द्या. आधी ऑर्केस्ट्रा बराच वेळ वाजवतो. पियानोवाला नुसता बसून असतो."

"म्हणजे आपल्या प्रमुख पाहुण्यासारखा," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

"अगदी तसाच," मी म्हणालो, आणि ही उपमा पुढे आपली म्हणून वापरायचे मनाशी ठरवले.

आम्ही पोहोचलो तेव्हा दार बंद झाले होते. दारावरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवले. आतून एकटा पियानो अगदी हळू बोलला आणि थांबला. मग व्हायोलिने आली.

"सुरू झालं वाटतं," अध्यक्ष कुजबुजले.

पहिला भाग संपल्यावर आम्हाला आत सोडले. कार्यक्रमपत्रिकेत छापले होते: जुना रिवाज मोडून या रचनेचा आरंभ पियानो एकट्याने करतो. माझ्या कॅसेटी रिवाज मोडण्याआधीच्या होत्या.

परतताना गाडीत लेकीने विचारले, "बाबा, सुरुवात कशी झाली?"

"फारच छान, बेटा," मागून अध्यक्ष म्हणाले. "ऑर्केस्ट्राने तर कमाल केली."

"आम्ही दाराबाहेर होतो," मी म्हणालो.

घरात येताच ती कोट न काढता पियानोपाशी बसली, सुरुवातीचे तेवढेच सूर वाजवले आणि हात मांडीवर ठेवले.

"इथे ऑर्केस्ट्रा उत्तर देतो. खूप लांबून. आता तुम्ही बोला, बाबा."

गाडीची किल्ली हातात घेऊन मी उभा होतो. संगीतावर मला काही सुचत नाही, असे त्या हिवाळ्यात प्रथमच घडत होते.

"पुन्हा वाजव," मी म्हणालो.