खुब्यातून नमस्कार

देवासात ज्यांच्या पाया पडायची धास्ती वाटावी असे गृहस्थ एकच, आणि ते आमचे घरमालक. इतर ठिकाणी माणूस वाकला की आशीर्वाद मिळतो. इथं आधी परीक्षा होते. बाबा कारखान्यात नोकरी लागून सांगलीकडून इथं आले, खोली बघायला गेले आणि रीत म्हणून वाकले, तर वरून आवाज आला, "पाठीतून वाकलात. खुब्यातून वाका." बाबांना वाटलं, भाडं वाढवायची ही संस्थानी भाषा असावी. मग घरमालकांनी मांडीच्या मुळाशी हात ठेवून स्वतः करून दाखवलं: पाठ फळीसारखी, गुडघे सरळ, आणि पेटीचं झाकण मिटावं तसं धड खाली. दुसऱ्या खेपेला बाबांना आशीर्वाद मिळाला आणि खोलीही.

सगळी गल्ली त्यांना काकासाहेब म्हणते. ते शाळेतून कसरतीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. पूर्वज थोरल्या पातीच्या, म्हणजे देवासच्या दोन राजघराण्यांपैकी थोरल्याच्या, दरबारात होते. पिढ्यान्‌पिढ्या मुजरे करून त्या घराण्याचे खुबे घडले असावेत असं माझं मत आहे, पण ते मी त्यांना सांगितलेलं नाही. माणसं ते तोंडावरून ओळखत नाहीत, चालीवरून ओळखतात. टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले तरी आधी पायऱ्या उतरणाऱ्यांचे गुडघे बघतात, देवी नंतर. रविवारी सकाळी अंगणात जुन्या गाद्या टाकून गल्लीतल्या पोरांना कोलांटी मारायला आणि हातांवर उभं राहायला शिकवायचे, आणि सांध्यांची ओळख घरी आलेल्या पाहुण्यांसारखी करून द्यायचे. "गुडघा म्हणजे सरकारी बाबू. एकाच बाजूला वाकतो. दुसरीकडे वाकवाल तर मोडेल. खुबा घरचा कर्ता. खोल बसलेला, हलतो बेतानं, ओझं सगळं त्याच्यावर. आणि खांदा म्हणजे जावई. चारी दिशांना मोकळा, म्हणून सांभाळायला अवघड." उडी मारून उतरताना घोटा, गुडघा आणि खुबा या तिघांनी मिळून वाकायचं, एकानं ताठा धरला की मार दुसऱ्याला बसतो. हाच नियम त्यांनी एकदा शेजारच्या भावाभावांच्या भांडणालाही लावून पाहिला, पण तिथं कोणीच वाकलं नाही.

हिंदी शाळेत शिकणारी आम्ही पोरं हे सगळं ऐकून घ्यायचो आणि शेवटी एकच विचारायचो, "काकासाहेब, गिर गये तो?"

"पडशील कशी? मी आहे ना."

आणि ते असायचे. हातांवर उभी राहताना माझी मनगटं लटपटायची, खांदे कानांपासून सुटायचे, आणि आता पाठीवर आपटणार असं वाटायच्या आत त्यांचा उजवा हात घोट्याला लागलेला असायचा. मग जग उलटं असूनही जागच्या जागी वाटायचं. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. इंदूरच्या कॉलेजात नाव घालायची वेळ आली तेव्हा बाबा आठवडाभर विचारात पडले. काकासाहेब त्यांना एवढंच म्हणाले, "पोरीला जाऊ द्या. पडली तर बघू." बाबांनी जाऊ दिलं.

गेल्या हिवाळ्यात जावई रुसला. उजवा खांदा असा आखडला की हात कमरेच्या वर येईना. काकासाहेबांनी याची वाच्यता केली नाही. त्यांनी फक्त रविवारचा वर्ग बंद केला. कारण दिलं, पोरांच्या परीक्षा. पोरं अंगणाबाहेर उभी राहून एकमेकांना विचारत होती, "भिया, एग्जाम तो मार्च में है ना?"

डॉक्टरांनी गोळ्या थोड्या दिल्या आणि व्यायाम सांगितला: भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी भिंतीवर चालत चालत हात वर न्यायचा, रोज थोडा अधिक.

"भिंतीवर पाली चढतात," काकासाहेब म्हणाले. "मी नाही."

"अख्ख्या देवासाला सांधे शिकवले," काकूसाहेब आतून म्हणाल्या, "स्वतःचा एक ऐकेना."

"ऐकतो तो. उत्तर देत नाही, इतकंच."

"मग पोरांना काय सांगू? वर्ग कायमचा बंद म्हणून?"

यावर काकासाहेबांनी पेपर उघडला. एका हातानं पेपर उघडणं सोपं नसतं.

उन्हाळ्यात माझा कॉलेजचा निकाल लागला. पेढे घेऊन मी गेले. ते मुद्दाम उठून उभे राहिले. मी वाकले: खुब्यातून, पाठ फळी, गुडघे सरळ. इतकी निर्दोष मी आयुष्यात वाकले नव्हते. पण डोक्यावर हात आला नाही. तिरक्या नजरेनं मला तो दिसत होता. जरा उचलला गेला आणि अडला. माझं डोकं त्याच्या वीतभर वर राहिलं होतं. मी गुडघे मोडले, पाठीला पोक काढलं, मान खाली घातली आणि डोकं त्या हाताखाली नेलं. हात टेकला. बराच वेळ टेकलेला राहिला.

"पाठ वाकली," ते म्हणाले.

"हो."

"गुडघेसुद्धा."

"हो, काकासाहेब."

"आज चालेल." मग म्हणाले, "रविवारी ये. पोरांना सांगायचं काम माझं. धरायचं तू."

आता रविवारी पोरांचे घोटे मी धरते. "दीदी, गिर गये तो?" असं विचारतात, तेव्हा मी काकासाहेबांचंच उत्तर देते, माझ्या तोंडी ते अजून तेवढं पक्कं वाटत नाही. काकासाहेब भिंतीलगत खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यांच्या खांद्यांवर ओरडतात. मात्र पोरं उलटी झाली की ते हळूच उठतात आणि भिंतीकडे तोंड करतात. उजव्या हाताची बोटं चुन्यावरून वर निघतात, थांबतात, पुन्हा निघतात. पाल अजून खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचलेली नाही. पोरांना मी बजावून ठेवलंय, हातांवर उभं असताना नजर जमिनीवरून हलवायची नाही.