एक वाजताचा डबा

मी मुलखाची तापट बाई. पोरी मला पाठीमागून काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं, आणि त्या काही खोटं म्हणत नव्हत्या. पण रागाच्या भरात कुणाचा कान पिळला तर संध्याकाळी मी तो विसरून जाई. पुढची गोष्ट मी शांत डोक्यानं केली. म्हणूनच मेली इतकी वर्षं उरावर बसून आहे.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या सुमाराची गोष्ट. जामखेडला मुलींच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते. ट्रेनिंग करून आलेली विधवा बाई, नोकरी हंगामी. कायम व्हायचं तर दिपोटींचा शेरा चांगला हवा. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. ते वर्षातून एकदा यायचे, आणि त्या एका दिवसासाठी आम्ही महिनाभर हाडाची काडं करायचो.

माझ्या वर्गात कचेरीतल्या एका कारकुनांची मुलगी होती. नऊ वर्षांची, हाडकुळी, पण तोंडी हिशेबात अशी तयार की मी प्रश्न पुरता करायच्या आत हिचं उत्तर हजर. दिडकी, अडीचकीचे पाढे घडाघडा म्हणायची. तिला मधुमेह होता. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलेच. म्हटलं, हा तर लोडाला टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा रोग, या काडीला कुठून चिकटला? मग तिची आई शाळेत मला भेटायला आली आणि माझं हसू जिरलं.

रोज सकाळी जेवणाआधी वडील तिला सुई टोचत. काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, औषधाची बाटली नगरहून मोटारीनं आणवायची आणि माठाखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. ते औषध जनावराच्या पोटातल्या कशापासून तरी करतात, असं कुणीतरी त्या माउलीच्या कानावर घातलं होतं. तेव्हापासून सुई मागच्या पडवीत व्हायची. "घरात सोवळंओवळं आहे हो," ती म्हणाली, "पण लेक जगतेय ना, मग देवाचं मी बघून घेईन."

मग तिनं मला नीट समजावून सांगितलं. "बाई, सुई टोचल्यावर पोटात वेळेवर अन्न गेलं नाही, तर ती सुईच पोरीला खाते. एक वाजला की डबा. मग घंटा होवो न होवो. घाम फुटला, हात थरथरले, उगाच चिडचिड करायला लागली, तर आधी तोंडात गूळ घाला आणि मग काय ते विचारा." गुळाचे खडे भरलेला एक बटवा ती पोरीच्या परकराच्या नाडीला बांधून देत असे. "हे तर म्हणतात घरीच बसव. मी भांडून पाठवतेय. पण एकदा जरी काही झालं ना, तर मीच बंद करीन शाळा."

मी काय म्हणाले असेन? "वहिनी, माझ्यावर सोडा. शाळेचं घड्याळ चुकेल, मी नाही चुकायची." जीभ कशी सैल सुटते माणसाची!

आणि खरं सांगते, सहा-सात महिने मी चुकले नाही. एक वाजला की ती जागेवर बसून अर्धी भाकरी नि भाजी खायची. बाकीच्या टकमका बघायच्या. एकीनं विचारलं, "तिलाच का हो, बाई?" मी म्हटलं, "रोज सुई टोचून घेतेस? मग तूही खा." पुन्हा कुणी विचारलं नाही. पोरीला शाळेचा असा काही लळा की नगरला डॉक्टरांकडे जायचं म्हणून एक दिवस बुडाला, तर मोटारीत रडत गेली म्हणे.

मग दिपोटी यायचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी वर्ग शेणानं सारवला होता, दारात रांगोळी होती. साहेब बारापर्यंत येणार असा निरोप होता. हेडमास्तरांनी सकाळीच बजावलं, "साहेब येऊन जाईस्तोवर मधली सुट्टी नाही. वर्गात एक कण दिसता कामा नये." मी सगळ्या पोरींचे डबे, दप्तरं मागच्या खोलीत रचून ठेवली. त्या पोरीला मी पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं होतं. माझी सगळी भिस्त तिच्यावर. तिच्या कमरेचा बटवा फुगलेला दिसत होता, वर गुळाचा चिकट डाग. मी म्हटलं, "बरं दिसत नाही गं हे. दे इकडे, साहेब गेले की घे." माझ्या हातानं मी नाडीची गाठ सोडली. गच्च बसली होती, मला दातांनी ओढावी लागली. बटवा मागच्या खोलीत तिच्या डब्याशेजारी ठेवला.

बारा वाजले. साडेबारा. साहेबांचा पत्ता नाही. एक वाजला. मी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती माझ्याकडेच बघत होती. "बाई, डबा?" मी म्हटलं, "आत्ता येतील गं. भाकरी तोंडात असताना आले तर? थोडं थांब, शहाणी ना तू?"

मी विसरले नव्हते. हे मला नीट लिहून ठेवायचंय. मला आठवत होतं, आणि मी थांबवलं.

दीड वाजता ती चुळबुळ करायला लागली. मी उजळणी म्हणून विचारलं, "साडेतीन रुपयांना एक लुगडं, तर आठ लुगडी कितीला?" हा तर तिच्या हातचा मळ! तर ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मला नाही येत. तुम्हीच सांगा!" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कान धरून मी तिला उभं केलं. कान ओला लागला, घामानं. माझ्या बोटांना तो ओलावा कळला आणि डोक्याला कळला नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले.

शाळेची शिपाईण मावशी दाराशी उभी होती. मुलींना घरून आणणं-पोचवणं, झाडलोट, पाणी, सगळं तिच्याकडे. ती हळूच म्हणाली, "बाई, पोरीचं लक्षान बरं न्हाई. लई घामाघूम झालीया. वाईच गूळ देऊ का?"

"मावशी, तुम्ही फाटकाशी जा. साहेबांची गाडी बघा," मी म्हटलं.

साहेब दोन वाजता आले. हेडमास्तर मागे, हातात हजेरीपट. साहेबांनी विचारलं, "हिशेबात हुशार कोण?" मी बोट केलं. ती उठली. साहेबांनी काय विचारलं ते मला आता आठवत नाही. ती त्यांच्याकडे बघतच राहिली, भिंतीकडे बघावं तशी. ओठ हलले, आणि ती सारवलेल्या जमिनीवर कोसळली.

मी जागची हलले नाही. मावशी साहेबांना ढकलून आत आली म्हटलं तरी चालेल. कमरेच्या फडक्यात तिची स्वतःची भाकरी होती, त्यातला गूळ काढून तिनं बोटानं चुरला आणि पोरीच्या गालात थोडा थोडा चोळत राहिली. "गिळ माझे बाय, गिळ." दातखीळ बसली नव्हती हे आमचं नशीब. पोरीनं गिळलं. पाव तास गेला असेल, मला तो वर्षाएवढा वाटला. मग तिनं डोळे उघडून विचारलं, "साहेब आले का?"

साहेब म्हणाले, "मूल अशक्त दिसतं." हेडमास्तर म्हणाले, "मुळातच नाजूक आहे." साहेब पुढच्या वर्गात गेले.

निरोप मिळताच आई धावत आली, पायात वहाणसुद्धा नव्हती. तोवर मी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते, आणि मावशी पाणी आणायला गेली होती. त्या बाईनं माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून, बाई. तुम्ही होतात म्हणून!" मी तोंड उघडलं नाही. मग तिची नजर पोरीच्या कमरेकडे गेली. "बटवा कुठाय? डबा?" कुणी एक पोर पळत जाऊन मागच्या खोलीतून दोन्ही घेऊन आली. डबा भरलेला, जसाच्या तसा.

आईनं मुलीच्या थोबाडीत मारली. मरता मरता वाचलेल्या पोरीच्या! आणि मग तीच रडायला लागली. "का नाही खाल्लंस? सांग, का नाही खाल्लंस?"

पोर माझ्याकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, आता ही सांगणार. सांगू दे एकदाचं. आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, देवा, ही न सांगो. साहेब अजून तिसरीच्या वर्गात होते. त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"विसरले," ती म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. डबा खायचं भान जिला राहत नाही, तिला घराबाहेर कसं सोडायचं, असं आई सगळ्यांना सांगत होती, आणि तिचं काय चुकलं? तिनं मला मेतकुटाचा डबा पाठवला. मी तो खाल्ला, वर म्हणाले छान झालंय. मावशी एकदा फळा पुसताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक शबूद बोलला असता तर पोर शाळंत आली असती, बाई." मी म्हटलं, "जाईन मी त्यांच्याकडे." पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

ती माझ्यासाठी खोटं बोलली, असं मी धरून चालले होते. नऊ वर्षांच्या पोरीनं मला पाठीशी घातलं, या विचारानं जीव कासावीस व्हायचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडी ऊबही वाटायची. त्यांचं घर माझ्या शाळेच्या वाटेवरच. ती ओट्यावर बसलेली असायची, मी मान खाली घालून पुढं जायची.

एक दिवस तिनं हाक मारली. मी थांबले.

"बाई," ती म्हणाली, "मला त्या दिवशीचं काहीच आठवत नाही हो. बारा वाजलेले आठवतात, मग एकदम मावशींचा हात. आई विचारत होती तेव्हा काय सांगू ते कळेना, म्हणून विसरले म्हटलं. पण मी कधीच विसरत नाही ना? तुम्ही तर तिथंच होतात. मी डबा का नाही खाल्ला?"

ओट्यावर आम्ही दोघीच होतो. तिची आई आत होती, हाकेच्या अंतरावर.

"विसरलीस गं तू," मी म्हटलं, "लहान आहेस, होतं असं." आणि शाळेची वेळ झाली होती म्हणून निघाले.