चक्करच्या गोळ्या आणि सासूबाई

सासूबाई गेल्या, आणि त्यांनी शेवटी विचारलेला प्रश्न माझ्यापाशी राहिला.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी शिवाजी पेठेत आले, ती चक्कर घेऊनच. उठताना घर फिरायचं, उलट्या व्हायच्या. गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळीनं थांबायचं. दुसऱ्या वर्षी दिवस राहिले. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, दृष्ट लागते, असं घरात मानत. तेवढ्यात चक्कर आली. सासूबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर आणि बाकड्यावरच्या बायका यांच्यामध्ये तिथं नुसता एक पडदा.

"दिवस गेलेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "न्हाय की."

नेहमीची गोळी मिळाली, मी घेतली. तिच्यानं पोटातल्या जिवाला काही होईल हे दोघींच्याही मनात आलं नाही.

थोड्याच दिवसांत अंगावरून जायला लागलं आणि मूल गेलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणी ही गोळी आम्ही सहसा देत नाही, पुरती खात्री नसते. पण तिच्यामुळंच झालं असं म्हणता येत नाही. सुरुवातीला असं पुष्कळदा आपोआप होतं."

मी शेवटचं वाक्य धरून राहिले. सासूबाईंनी पहिलं धरलं.

पुढं काही काळ मूल नको असं ठरलं आणि मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेऊ लागले. चक्कर होतीच. पुन्हा तोच दवाखाना, तेच बाकडं. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "डॉक्टर, ही पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतीया. चक्करची गोळी जोडीला चालती का? नीट बघून सांगा."

डॉक्टर म्हणाले, "ही चालेल. पण पाळणा लांबवायची गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर पोटात गेली नाही असं समजून दुसरी घ्यायची. आणि पाळी चुकली तर चक्करची गोळी घ्यायच्या आधी मला सांगायचं."

बाहेर आलो तर बाकड्यावरची एक म्हणाली, "काय वं, नातू नको व्हय?"

"सून हाय न्हवं, ती ऱ्हाऊ दे आदी."

घरापर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही. मला चक्कर येत नव्हती. मी तसं बोलले नाही.

मूल पुढं झालंच नाही. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. शेवटच्या आजारपणात मात्र एका दुपारी त्यांनी विचारलं, "त्या गोळीनंच गेलं न्हवं गं?"

त्यांच्या बोलीत मी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"न्हाय की."

त्यांनी डोळे मिटले. पटलं की नाही, ते मला कळलं नाही.