जातीच्या रकान्यापुढे

बारावीनंतर नर्सिंगला नंबर लागायचा तर जातीचा दाखला हवा होता. बाबा वरठीला कारखान्यात कामाला होते. त्यांच्या शाळेच्या कागदावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, बौद्ध. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि मुलाला शाळेत घालताना गुरुजींशी वाद घालून तो शब्द लिहवून घेतला होता. जुना शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. मनाई अशी नव्हती, पण आजोबांनी टाकला तो टाकला. लहानपणी कुणी ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारलं की माझं उत्तर तयार असे, आणि ते मी मोठ्याने देई.

तहसील कार्यालयात सांगितलं, एवढ्याने होत नाही, दीक्षेच्या आधीची नोंद आणा. म्हणजे आजोबांच्या शाळेतली. त्यांचं गाव भंडारा जिल्हा तुटल्यावर गोंदियात गेलेलं. बाबांनी रजा काढली आणि आम्ही मोटरसायकलने गेलो. हेडमास्तर भले निघाले. कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढून त्यांनी स्वतः पानं उलटली. आजोबांचं नाव सापडलं आणि पुढच्या रकान्यात तो शब्दही. बाबांनी उतारा घेतला आणि न वाचताच घडी करून खिशात ठेवला.

साकोलीला चहाला थांबलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, “ज्या माणसानं हा शब्द टाकला, त्याच्याच नावानं आपण तो परत घेऊन राहिलो.”

मी चहा संपवला. प्रवेश माझा होता.

पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला त्याच कार्यालयात बाबांचा जबाब लिहून घ्यायचा होता. टेबलामागची बाई माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिने नाव, वय, पत्ता लिहिला.

“जात?”

“बौद्ध,” बाबा म्हणाले.

“तो धर्म झाला, काका. जात सांगा.”

ती उद्धटपणे बोलली नव्हती. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. तिने पेन थांबवलं, हे लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मागे रांग होती. कारखान्यात साहेबांच्या तोंडावर बोलणारे बाबा टेबलाच्या कडेकडे पाहत उभे होते. त्यांना बोलताही येईना आणि निघूनही जाता येईना.

“महार,” मी म्हणाले.

तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी आवाज दबला. त्या दबलेल्या आवाजाचाच मला जास्त राग आला.

बाहेर आल्यावर मी बाबांची माफी मागू लागले. त्यांनी गाडीला किक मारली.

“तू नसती बोलली तर मले बोला लागलं असतं,” ते म्हणाले. त्यापुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

दाखला मिळाला, मी शिकले, नोकरीला लागले. बाबा आता थकलेत. मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने कॉलेजचा फॉर्म पुढ्यात ठेवून विचारलं, “आई, आपण नेमके कोण?” मी तिला दोन्ही शब्द सांगितले. यातला आपला कोणता, असं तिने विचारलं. बाबा तिथेच खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन उचललं; ते जातीच्या रकान्यापुढेच थांबलं.