कैरीची ताटली

भाकरीची ताटली माझ्यापर्यंत आली आणि वर उचलली गेली.

रविवार होता. दवाखान्याच्या ओसरीतच आमची उपासना व्हायची. आम्ही पंधरा-सोळा माणसं चटईवर बसलेली. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या नावानं भाकर वाटून खायची वेळ. पाळकसाहेब एकेकापुढं निळ्या काठाची ताटली धरत येत होते. मी पदर सावरला, हात पुढं केला. ताटली माझ्या डोक्यावरून गेली आणि पलीकडच्या बाईपुढं खाली आली.

"हिला नाही," पाळकसाहेब म्हणाले. हळू नाही म्हणाले. "हिनं सैतानाच्या पंगतीत खाल्लं आहे. पुढच्या रविवारी सगळ्यांपुढं पाप कबूल करू दे. मग पाहू."

माझा हात तसाच पुढं. मागं कसा घ्यावा ते कळेना. पलीकडची बाई माझ्यापासून वीतभर सरकली. तिला कोणी सरक म्हटलं नव्हतं.

तो पुढं केलेला हात माझ्या ओळखीचा होता.

सावली नावाच्या मोठ्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात, विहिरीवर, मी तो असाच धरायची. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी, मान खाली. पाटलाची सून हातभर उंचावरून पाणी ओतायची. "ए पोट्टे, दूर राय, शिवशील नं!" अर्धं पाणी कोपरावरून चोळीत. बाप ख्रिस्ती झालेला, मी जन्मापासून येशूची. पण विहिरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. ओंजळ तीच.

मिशनच्या शाळेत चौथी झाली आणि बाप गेला. शाळा सुटली. धानाच्या बांधीत कंबर मोडून रोवणी करायची, घरी येऊन पडायचं, असं काही वर्षं. मग मिशनचा निरोप आला, जंगलातल्या दवाखान्यात मदतनीस पाहिजे. आई म्हणाली, "जाय. इथी तुले कोण विचारते?" आलापल्लीपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. एटापल्लीच्याही पलीकडं. गाडीत मी सारा रस्ता एकच विचार करत होते. आपल्याला काही जमलं नाही तर? परत पाठवलं तर?

दवाखाना चालवणाऱ्या बाई नागपूरकडच्या. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. पांढरं लुगडं, पायात वहाणा, बोलणं पुस्तकातलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कान असलेल्या कपात चहा दिला. माझ्या हाताला हात लागू देऊन दिला. माझ्याच्यानं सगळा संपला नाही. उरलेला घोट त्यांनी स्वतः पिऊन टाकला. माझा उष्टा. मी नुसती पाहत राहिले. त्या दिवसापासून बाई म्हणतील ते शास्त्र. पाणी उकळायचं कसं, जखम धुवायची कशी, पट्टी बांधायची कशी, सगळं त्यांनीच शिकवलं. मला हिवताप आला तेव्हा माझं अंग त्यांनी आपल्या हातानं पुसलं. हे मी विसरले नाही. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते.

तिथं राहणारे माडिया गोंड. चैतात आंबे कैऱ्यांनी वाकतात. पण गावातलं शेंबडं पोरही कैरीला दात लावत नाही. आधी पंडुम व्हायचा, म्हणजे त्यांचा सण. गावचा पुजारी, त्याला गायता म्हणतात, तो नवं फळ मेलेल्या वाडवडलांना देतो. मग जित्यांनी खायचं.

बाईंना हे सहन होत नसे. "ही भीती आहे," त्या म्हणायच्या. "भीती मोडली की माणूस मोकळा होतो." म्हणून त्यांनी एक रीत काढली. कैऱ्या धरल्या की दवाखान्याच्या दारात ताटली. ताटलीत कैरीच्या फोडी, वर मीठ. खाईल त्यानं सरळ आत यायचं. न खाईल त्यानं अंगणात बसायचं, सगळ्यांच्या शेवटी. दुपारी दार लागलं तर उद्या.

फोडी मी करायची. ताटली मी धरायची. दोन उन्हाळे धरली. काही जण डोळे मिटून खायचे आणि घरी जाताना बोरीच्या झुडपामागं ओकायचे. मला दिसायचं. मी नजर फिरवायची. बाईंना वाईट वाटेल, एवढंच भ्या मनात.

तिसऱ्या उन्हाळ्यात जुरी आली. आदल्याच दिवाळीत, छप्पन साली, आमचा मुलूख मुंबईच्या राज्यात गेला होता. जंगलात त्याची खबर कोणाला नव्हती.

जुरी आम्हाला सरपण आणून द्यायची. वयानं माझ्या आईएवढी. मी नवी असताना झऱ्यावर रडत बसलेली तिला दिसले, तर न बोलता शेजारी येऊन बसली होती. उठताना म्हणाली, "मायची याद येते? येऊ दे. यादीनं कोणी मरत नाई." तिथं मला हसवणारी ती पहिली.

त्या वर्षी ताटलीचा तो पहिलाच दिवस. तिच्या कडेवर नात होती. चार वर्षांची. चुलीतल्या निखाऱ्यात पाय पडलेला. घोट्यापर्यंत सालटं निघालेलं, माशा बसलेल्या. पोरगी रडतही नव्हती. रडून संपलेली.

मी ताटली पुढं केली. सवयीनं.

जुरीनं फोडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अजून पंडुम नाई झाला, पोरी."

"भिऊ नको," बाई आतून म्हणाल्या. "खा. काही होत नाही."

"भेत नाई वो बाई," जुरी म्हणाली. "घरी पाहुणे बसले अस्तान तं तू त्यायच्या आंधी जेवतं काय? मेलेले आमचे पाहुणेच हायेत. आंधी त्यायले, मंग मले. म्या आंधी खाल्लं तं लाज नाई वाटन काय?"

बाई दारात आल्या. बोटानं अंगणाकडं दाखवलं. जुरी नातीला घेऊन उन्हात जाऊन बसली. एक एक जण आत गेला. ऊन डोक्यावर आलं. बाईंनी दार लावायला कडीला हात घातला.

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "पण खाऊन ये."

जुरी उठली. जाताना माझ्याकडं पाहून हसली. टोमणा नव्हता त्यात. "तुह्या हाताले रग लागली असन, पोरी. ठेव ते खाली."

मी खाली पाहिलं. ताटली मी कमरेच्या वर धरली होती. हातभर उंच. पाटलाच्या सुनेसारखी.

मी ती जमिनीवर ठेवली. उकळलेल्या पाण्याचं भांडं उचललं, पट्टीचा गुंडाळा घेतला, मलमाची डबी घेतली आणि अंगणात जाऊन, जुरीला थांबवून तिच्यापुढं बसले. पोरीचा पाय मांडीवर घेतला. पहिली पट्टी वाकडी बसली. सोडून पुन्हा बांधली.

"कोणाला विचारून?" बाई दारातून म्हणाल्या.

"कोणालेच नाई, बाई."

मांडीवरचा पाय खाली ठेवला नाही. उठून उभीही राहिले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आठ दिवसांनी पंडुम झाला. मी गेले. गायत्यानं फळ आधी मेलेल्यांना दिलं, मग द्रोणात घालून सगळ्यांना. जुरीनं आपला द्रोण माझ्या हातात दिला. वरून टाकला नाही. मी खाल्लं. मनातल्या मनात मी येशूचे आभार मानले, कारण मला आभार मानायला दुसरा कोणी माहीत नाही. कोणाला ते खटकलं नाही.

ती खबर पाळकसाहेबांपर्यंत गेली, आणि त्या रविवारी ताटली डोक्यावरून गेली.

पुढचे सात दिवस मी फार भ्याले. नोकरी जाईल. सावलीला परत, विहिरीवर परत. कबूल करून टाकावं, काय जातं? मग बापाची आठवण यायची. आमच्या शिवेवर गोंडांच्या देवाचा खांब होता. एका पुरात पडला. बापानं खांदा देऊन उभा केला. तेव्हाचे पाळक रागावले. बाप म्हणाला, "देव त्यायचा हाये, खांदा माहा हाये. पडलेलं उभं करायले काऊन अडावं?" बापही त्याच येशूचा होता, ज्या येशूच्या बाई.

मला लोक विचारतात, ख्रिस्ती झालं की माणूस दुसऱ्याचा देव सहन करत नाही काय? मी खोटं बोलणार नाही. दुसरा मार्ग नाही, हे शास्त्रात लिहिलं आहे. बाईंनी ते पदरचं आणलं नव्हतं. त्या वाक्यावर दार लावता येतं, आणि त्यांनी लावलं. पण त्याच शास्त्रात दहा महारोगी बरे होतात. त्यातला एक परका, ज्याच्या हातचं पाणी चालत नाही असा. त्याला आधी काही खायला लावल्याचं कुठं लिहिलेलं नाही. मी चौथी शिकलेली, पण एवढं वाचता येतं. बाईंना माझ्याहून जास्त वाचता येत होतं. आणि दवाईच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

रविवार आला. पाळकसाहेबांनी खूण केली. मी उभी राहिले. 

"मी पाप कबूल करते," मी म्हणाले. "दोन उन्हाळे आणि तिसऱ्यात एक दिवस, हीच ताटली मी दवाखान्याच्या दारात धरली. हीच, निळ्या काठाची. तापानं फणफणलेल्या माणसाले म्हटलं, आंधी आपल्या वाडवडलाचा अपमान कर, मंग दवाई घे. ते माहं पाप. पंडुमात खाल्लं ते पाप नाई. ते मी कबूल करणार नाई. आज नाई, उद्या नाई."

पाळकसाहेबांनी ताटलीवर फडकं टाकलं. मी बसले नाही. चालत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी माझं गाठोडं ओसरीत आणून ठेवलं होतं. वर तो कान असलेला कप. बाई दारात उभ्या. डोळे रडलेले. त्या खरंच रडल्या होत्या, हे मला मान्य आहे.

"कप घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आता त्यात इथं कोण पिणार?"

तीन पिढ्या. पांढरं लुगडं. आणि शब्द पाटलाच्या सुनेचा.

मी कप उचलला आणि त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर ठेवला. "तुमचा चहा गोड होता, बाई. त्याचे उपकार हायेत. पण हे बोलणं मी विहिरीवर ऐकून आली. पुन्हा ऐकत नाई."

गाडीवाट सावलीकडं जात होती. मी जुरीच्या गावाकडं वळले. नातीची पट्टी बदलायची होती.

येशूला मी सोडलं नाही. सोडणारही नाही. कोणी म्हटलं म्हणून नाही, आणि कोणी भाकर अडवली म्हणूनही नाही. पण अटीची भाकर मी खाणार नाही. अटीची फोड कोणापुढं धरणार नाही. माझ्यासमोर जो येईल, त्याच्या गळ्यात काय आहे, त्यानं आधी कोणाला हात जोडले, त्यानं काय खाल्लं, मी विचारणार नाही. एकच विचारीन.

कुठी दुखते?