देव्हाऱ्याचा डावा काठ

सगुणाच्या वडिलांना, वामन सुतारांना, मुलगा नव्हता. त्यामुळे वाईजवळच्या त्या गावात कानस धरायला, सरस ढवळायला, भुसा भरायला सगुणाच असे. दहा वर्षांची होईपर्यंत तिला साग आणि शिसव डोळे मिटून वासावर ओळखू यायचं. लग्न होऊन ती कोपरखैरण्याला आली. नवरा जोतीराम जातीचा सुतार, पण रंधा सोडून वाशीच्या कांदाबटाटा मार्केटात पाठीवर गोणी घेणारा. घरात अवजार म्हणून एक हातोडी, तीही शेजारून मागून आणलेली आणि परत द्यायची राहिलेली.

धनाजी तिच्याच गावचा. तिला सख्खा भाऊ नाही म्हणून दर भाऊबीजेला ताटापुढे तोच बसायचा. त्र्याण्णव साली त्याने टेम्पो घेतला. मुंबईच्या चाळी सोडून लोक नेरूळ-सानपाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये येत होते आणि आजोबांचे मंचक, फडताळं, पेटारे काही त्या खोल्यांत मावत नव्हते. ते धनाजी उचलायचा, पावणे गावातल्या गोडाऊनमध्ये पॉलिश करायचा, आणि चांगला माल न्हावा शेव्याच्या बंदरातून परदेशी जायचा.

"अक्का, तिकडं आपल्या चौरंगावर पाय ठेवून टीव्ही बघत्यात म्हणं," तो हसत सांगायचा.

"गप रे. नको सांगू मला."

एकदा तो चहाला आला, खाली टेम्पोत एक पेटारा. दोनशे वर्षांचा आहे, बघायला चल म्हणाला. सगुणा हातातल्या पळीसकट खाली गेली. पेटाऱ्याला वळसा घातला, वाकून तळाला हात फिरवला आणि हसायलाच लागली.

"कुणी फसवलं रे तुला? तळाचे ओरखडे बघ, गोल वळणाचे. ही यंत्राची करवत. हातकरवतीचे सरळ असतात. आणि चारी कोपरे सारखेच झिजलेत! पेटारा भिंतीला टेकून असतो बाबा, मागचे कोपरे कशानं झिजतील?"

धनाजी तिच्याकडे बघतच राहिला. पुढच्या सोमवारपासून सगुणा गोडाऊनवर जाऊ लागली. पॉलिशवाली म्हणून, पण खरं काम पारखायचं.

घरोघर जाताना धनाजी तिला बरोबर घ्यायचा. बाईमाणूस सोबत असलं की आतल्या खोलीचं दार उघडतं. विशेषतः देव्हारा द्यायचा असला की घरची माणसं कासावीस होत. सगुणा आधी हातपाय धुवायची, देव ताम्हनात काढून घ्यायची, रिकाम्या देव्हाऱ्यात सुपारी-तांदूळ ठेवून हात जोडायची, मगच देव्हारा हलवू द्यायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. असंच उचलून नेणं तिला जमलं नसतं, इतकंच. ते पाहून एका म्हाताऱ्या बाईंनी तिची अलाबला घेतली होती.

परतीच्या वाटेवर धनाजी विचारायचा आणि ती सांगायची. भावाला काय चोरून ठेवायचं?

"देव्हाऱ्याची काजळी खरी असली तर बोटाला लागत नाही. तेल पिऊन पिऊन ती घट्ट बसते, वार्निशसारखी. हळदीकुंकू फटीत जाऊन काळं पडतं, लाल राहत नाही. पण खरी खूण पुढच्या फळीला. सांग बरं, कुठं झिजेल ती?"

"मधी."

"तू कधी पूजा केलीस का रे आयुष्यात?"

"तुझी वयनी करती की!"

"म्हणूनच. पूजा करतो आपण उजव्या हातानं. वाकून फूल वाहताना डावा हात फळीवर टेकतो. चाळीस-पन्नास वर्षं टेकला की तिथं लाकूड दबतं, गुळगुळीत होतं. नकली करणारा मधे घासेल, नाहीतर उजवीकडे. डावा काठ त्याच्या डोक्यात येणार नाही. डावा काठ झिजलेला दिसला की समज, इथं कुणीतरी खरंच बसलं होतं."

धनाजीने टेम्पोच्या स्टिअरिंगवरचा आपला डावा हात निरखला. मग म्हणाला, "अक्का, तुझ्या डोक्यात काय काय हाय!" सगुणाला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

त्यानंतरच्या वर्षात धनाजीने दोन देव्हारे आणले आणि दोन्ही तिने नापास केले. पहिल्याची काजळी बोटाला लागली. दुसऱ्याच्या फटीतलं कुंकू ओल्या फडक्याने गुलाबी उतरलं. "परत कर ज्याचे त्याला," ती म्हणाली. धनाजीने मान डोलावली.

शहाण्णवच्या दसऱ्याआधी नेरूळच्या स्मिताताई गोडाऊनवर आल्या. त्या शाळेत शिक्षिका, यजमान नंदकिशोर बँकेत. सासरचं घर विकलं तेव्हा देव्हारा थोरल्या दिरांकडे गेला आणि ह्यांचे देव दोन वर्षं फडताळाच्या कप्प्यात होते.

"मला नक्षीबिक्षी काही नको," त्या सगुणाला म्हणाल्या. "ज्यात पूजा झालेली आहे असा हवा. नवा कोरा मला परका वाटतो. धनाजीराव सगळ्यालाच जुनं म्हणतात. तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर घेते."

"आणि नाही म्हणाल्या तर माझे पैसे वाचतील," नंदकिशोर म्हणाले. स्मिताताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

धनाजीने सागाचा एक देव्हारा पुढे ओढला. कऱ्हाडकडच्या एका घरातला म्हणाला. वर दोन मोर, एकाची चोच तुटलेली. सगुणाने घाई केली नाही. सांध्यांतल्या खुंट्या पाहिल्या, लाकडाच्याच होत्या, खिळा नव्हता. मागच्या फळीवर हातकरवतीचे सरळ ओरखडे. काजळी नखाने खरवडली, निघाली नाही. फटीतलं कुंकू काळं. मग तिने डोळे मिटून पुढच्या फळीवरून हात फिरवला. डाव्या काठाला बोटं अलगद खाली गेली.

तिने स्मिताताईंचा हात धरून तिथे टेकवला. "बघा ताई. इथं कुणीतरी बसत होतं. रोज."

स्मिताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंदकिशोरही थट्टा विसरले. देव्हारा नेरूळला गेला, दसऱ्याला त्यात देव बसले, आणि सगुणाला घरी बोलावून त्यांनी पुरणपोळी वाढली.

पुढे पंधरा दिवसांनी गोडाऊनमधलं पॉलिशचं स्पिरिट संपलं. धनाजी न्हावा शेव्याला गेलेला. मागच्या शेडमध्ये डबा असेल म्हणून सगुणा तिकडे गेली. तिथे पॅकिंगच्या पेट्या बनतात एवढंच तिला ठाऊक होतं, आणि दाराला नेहमी कुलूप. त्या दिवशी दार उघडं होतं आणि आतून कानशीचा आवाज येत होता. पेटीच्या फळकुटाला कानस कुणी लावत नाही.

आत एक म्हातारा सुतार मांडी घालून बसला होता. सिताराम, तिथल्याच खाडीकाठच्या गावचा; त्याच्या आगरी बोलीत बऱ्याचदा ड चा र आणि ळ चा ल होई. त्याच्यापुढे देव्हारा. त्याच्या पाठीमागे भिंतीला लावून आणखी चार. पाचही देव्हाऱ्यांच्या फळीचा डावा काठ तेवढा खाली गेलेला.

"बाजूला व्हा ताय, भुसा उरंल," तो म्हणाला.

"इथंच का घासताय, मामा?"

"मालकांचा नियम हाय. डाव्या अंगाला, दीड बोट. मधी नाय, उजव्या बाजूला तर नायच नाय." तो कौतुकाने सांगू लागला. "लाकूड जुनंच हाय हां, पारलेल्या चालींच्या तुल्या. काजली चार-चार महिनं दिव्यावर धरून बसवतो. कुंकवाला मालकांनी कसलासा काला रंग आनून दिलाय. मालक बोलतात, सातारची एक बाय हाय, तिला देवाचं लय कलतं. आमी दोन बनवलं, तिनं दोनी परत धारलं. तिसरा मातर पास!"

"मोरांचा?"

"तोच! चोच मुद्दाम तोरली मीनी," सिताराम हसला.

सगुणा खाली भुशात बसली. त्याने विचारलं, पानी देऊ का? तिने मान हलवली. कितीतरी वेळ ती त्या पाच काठांकडे बघत होती. त्यातल्या एकावरही कुणाचा हात कधी टेकला नव्हता.

धनाजी संध्याकाळी आला. ती गोडाऊनच्या दारातच उभी होती. तिच्या तोंडाकडे बघूनच तो समजला.

"अक्का, आधी ऐक तर. लाकूड जुनंच हाय ना? मी काय प्लायवूड विकतोय? बाई खुश, तिचं देव खुश—"

"देवाचं नाव घेऊ नकोस. मी दोन परत पाठवले, ते तू ज्याचे त्याला दिले नव्हतेस. तुझेच होते. मी चूक दाखवायची आणि तू ती दुरुस्त करायची. मी तुला भाऊ म्हणून सांगितलं रे."

"भाऊ म्हणूनच ऐकलं की! दुसऱ्या कुणी एवढं मन लावून ऐकलं असतं?" तो चिडल्यासारखा झाला. मग मऊ आवाजात म्हणाला, "तू खोटं कुठं बोललीस? तुला खरं वाटलं ते बोललीस. म्हणून तर बाईनं घेतला. मी बोललो असतो तर घेतला असता का? अक्काला चालला म्हंजी कुणालाबी चालंल, हे मला ठाव होतं."

म्हणजे त्याला ते देव्हारे गिऱ्हाइकाच्या कसोटीला उतरवायचे नव्हतेच. तिच्या कसोटीला उतरवायचे होते. सगुणाने पदराला बांधलेली गोडाऊनची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि ती चालत निघाली.

घरी जोतीराम म्हणाला, "सोडलंस ते बरं केलंस. पण त्या बाईंना सांगायला जाऊ नको. त्यांच्या जिवाला घोर कशाला?" सगुणा दोन दिवस तेच घोळवत होती. रोज देवापुढे बसली की पोथीत मन लागेना. ताईंनी लाकडावर नाही, आपल्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तिसऱ्या दिवशी ती नेरूळला गेली.

स्मिताताई वह्या तपासत होत्या. "या, या! सगुणाताई, बघा तरी किती शोभतोय." देव्हाऱ्यात समई होती, ताजी शेवंती होती. सगुणा बसली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेड, सिताराम, कानस, दीड बोट. स्वतःला वगळलं नाही. "ती खूण मीच सांगितली होती त्याला. पण हा नकली आहे हे मला ठाऊक नव्हतं, ताई. देवाशप्पथ."

स्मिताताईंनी पेन खाली ठेवलं. मग उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या. हात पुढे केला आणि फळीला न लावताच मागे घेतला.

"तुम्ही माझा हात धरून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आता मी काय करू? देव बसवलेत. पुन्हा फडताळात ठेवू?"

"मी धनाजीला सांगून परत—"

"नको. तो परत घेईल आणि दुसऱ्या कुणालातरी विकेल." त्यांचा आवाज चढला नाही, हेच सगुणाला सोसवेना. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, असेलही. मला कसं कळणार? तेव्हाही तुमच्या तोंडाकडे बघूनच विश्वास ठेवला होता. तुमचं ओझं आज उतरलं, सगुणाताई. मला मात्र रोज सकाळी ह्याच्यापुढे बसायचंय. या तुम्ही."

सगुणाने पायात चपला घातल्या तेव्हा आत वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. दारापर्यंत कुणी आलं नाही.

धनाजीचा धंदा चालू राहिला, वाढला. त्या भाऊबीजेला सगुणाने ताट केलं नाही, पुढेही कधी केलं नाही. ती आता तुर्भ्याला एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावते. मध्ये एकदा वरच्या मजल्यावरच्या उज्वलाने हाक मारली. सासऱ्यांनी जुना शिसवी पलंग घेतलाय, जरा येऊन बघता का, खरा आहे ना? सगुणा जिन्यात थांबली. तिथूनच उघड्या दारातून पलंगाचा पाय दिसत होता आणि एवढ्या लांबूनही तिला कळायचं ते कळलं होतं.

"मला नाही गं कळत त्यातलं," ती म्हणाली आणि खाली उतरली.